द्वारकामावशीचा होकार

कामाला जाते म्हणजे झोपायला जाते, असं उजळ माथ्यानं सांगणारी एकच बाई मी आजवर पाहिली. द्वारकामावशी. सुरतच्या लिंबायत वस्तीतून रोज सकाळी ती शेअर रिक्षात बसायची. मांडीवर डबा, गळ्यात ओळखपत्र. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठे निघालीस, तर म्हणायची, "ड्युटीवर." कसली ड्युटी? "आडं पडानी." म्हणजे आडवं पडायची. बाई उतरेपर्यंत मावशीकडे संशयानं बघत राहायची. मावशीला त्याची फार मजा वाटायची.

आणि ते खरंच होतं. सुरतच्या ज्या नर्सिंग कॉलेजात मी शिकले तिथे प्रात्यक्षिकाच्या खोलीत आठ खाटा होत्या. वॉर्डातल्या खऱ्या आजाऱ्याला हात लावण्याआधी आम्ही मुलींनी इथे हात बसवायचा. बाकीच्या खाटांवर आम्हीच आळीपाळीनं एकमेकींचे पेशंट व्हायचो, पण बेड नंबर सात मावशीचा. चादर बदलणं, अंग पुसणं, ताप-नाडी बघणं, कुशीवर वळवणं, खाटेवरून ट्रॉलीवर घेणं, सगळं तिच्यावर. सुई सोडून काहीही करा, एवढी एकच तिची अट.

तिच्या ओळखपत्रावर फोटो होता, नाव होतं, आणि हुद्द्याच्या जागी ऑफिसातल्या क्लार्कनं, काय लिहावं न सुचून, लिहिलं होतं 'पेशंट'. मावशीला या कार्डाचा इतका अभिमान की लग्नाकार्यालाही ती ते पदरावर दिसेल असं घालून जायची. त्याआधी वीस-बावीस वर्षं तिनं टेक्स्टाइल मार्केटात उभं राहून साड्यांच्या घड्या घातल्या होत्या. तिथे कोणी तिला कार्ड दिलं नव्हतं. पायांनी पुष्कळ केलं, आता पाठीची पाळी, असं ती म्हणायची आणि ऐटीत उशी थोपटायची.

ती या नोकरीला लागली कशी, हे आम्ही आधीच्या बॅचकडून ऐकलं. आमच्या प्रात्यक्षिकाच्या टीचर जागृतीबेन, त्यांनीही ते कधी नाकारलं नाही. मावशी शेजारणीच्या बाळंतपणाला सोबत म्हणून कॉलेजाला लागून असलेल्या इस्पितळात आली होती. वाट चुकून एका खोलीत शिरली, तर आत स्वच्छ खाटा, वर पंखा आणि माणूस एक नाही. मार्केटातून थेट आलेली, पाय भरून आलेले. ती आडवी झाली आणि घोरायला लागली. त्या दिवशी सरावाची पेशंट म्हणून कुणी ठरलेली बाई यायची होती, ती आलीच नाही. मुलींना वाटलं, हीच ती. त्यांनी ताप बघितला, नाडी मोजली, तोंड पुसलं, केस विंचरले. मावशी जागी झाली तेव्हा हनुवटीपर्यंत पांघरूण आणि खांद्यांवर दोन वेण्या. आरडाओरडा राहिला बाजूला, तिनं आधी वेणी चाचपली आणि म्हणाली, "येनी तं बरी घाली. पन नाव कोनी सांगं? माले इचारं कोनी? बेसुद मानूसले बी पहिले इचारतस, व माय!"

जागृतीबेन दारातच उभ्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे तिला कामावर ठेवलं. शेजारणीला काय झालं, मुलगा की मुलगी, हे मावशीला थेट बारशाला कळलं असं आमची हेतल सांगायची. ते मात्र तिनं पदरचं घातलेलं असावं.

हेतल म्हणजे आमच्या गटातली एक. आम्ही तिघी होतो. हेतल मूळची सुरतची, जीभ तोंडात ठरत नसे. दुसरी मिनती, ओडिशाहून आलेल्या लूम कामगाराची मुलगी. ती दिवसाला मोजून चार शब्द बोलायची आणि त्यातले दोन 'हां दीदी' असायचे. तिसरी मी, कोसाडच्या कॉलनीतली. घरी अहिराणी, कॉलेजात गुजराती, आणि या दोघींची रस्त्यात गाठ पडू नये म्हणून जपणारी.

पहिल्याच दिवशी आम्ही माती खाल्ली. मावशी खाटेवर, हेतल एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, हातात चादर. हेतलच्या भावाचा साखरपुडा नुकताच झाला होता. त्यात मुलीकडच्यांनी जेवणात काय काय कमी केलं, हे ती मला मावशीच्या पोटावरून सांगत होती आणि मी मावशीच्या पोटावरूनच 'हाय हाय' करत होते. बोलता बोलता चादर घातली, कोपरे खोचले. बघतो तर चादरीखाली उशी. पेशंट गायब. चपला पण गायब.

"पेशंट पळाला!" हेतल व्हरांड्यात ओरडत सुटली, तेव्हा ओपीडीत बसलेली दोन खरी माणसं घाबरून उभी राहिली. मावशी जिन्यावर बसून शांतपणे भाकरी खात होती.

"मन्हा अंगवरथून गप्पा मारी राहिन्यात," ती म्हणाली. "मी काय ओटा शे?"

मी गुजरातीत माफी मागितली. तिनं घास खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. "तू खान्देसनी शे ना?"

"ना मासी, हुं तो कोसाडनी."

"कोसाड तं आते उनी. तुन्हा बाप कोन गावना?"

आता बापाचं गाव काय लपवणार? "पारोळाकडना," मी हळूच म्हणाले. ती एवढ्या मोठ्यानं हसली की भाकरीचा तुकडा जिन्यावरून खाली गेला. त्या दिवसापासून कॉलेजात कुणी माझ्याशी अहिराणी बोलायचं तर ते मावशी, आणि तेही भर वर्गात, पेशंटच्या अधिकारानं. मला सुरुवातीला तिचा फार राग यायचा.

मार्केट सोडताना ती एक गोष्ट घेऊन आली होती, स्टिकरांची दोन रिळं. साड्यांच्या खोक्यांवर लावतात ती, एक हिरवं, एक लाल. मार्केटात निर्दोष माल म्हणजे 'फ्रेश', बारीकसा डाग किंवा सुटलेला धागा असला की 'सेकंड', आणि त्याहून वाईट म्हणजे 'चिंधी'. मावशी आम्हालाही तसंच पारखायची. काम झालं की खाटेवर उठून बसायची, रीळ काढायची आणि ज्या हातानं काम केलं त्या हाताच्या पंजावर चिकटवायची. हिरवं म्हणजे फ्रेश, लाल म्हणजे सेकंड. चिंधीला स्टिकर नव्हतं, ती नुसती तोंड फिरवून झोपायची. जागृतीबेनच्या वहीतल्या गुणांपेक्षा आम्हाला त्या हिरव्या टिकलीची हाव जास्त. हेतलनं एकदा मिळालेलं हिरवं स्टिकर तीन दिवस हात न भिजवता जपलं. मग नर्सचे हात धुतलेले नाहीत म्हणून मावशीनंच तिला लाल दिलं.

मला पूर्ण आठ महिन्यांत एकही हिरवं मिळालं नाही, हे इथेच सांगून टाकते.

रोज एकच आजार करायचा तिला कंटाळा यायचा. म्हणून तिनं वार वाटून घेतले होते. सोमवारी ती आपली कैलासवासी सासू व्हायची, जिला ऐकू येत नसे आणि जे ऐकू येई त्यावर विश्वास नसे. "पानी नको, त्यामा काहीतरी टाकेल शे," असं म्हणून पेला परत. मंगळवारी जेठ, म्हणजे थोरला दीर, गुडघ्याला हात लावला की शिव्या. बुधवारी मार्केटातला तिचा जुना शेठ, ज्याला साखरेचा आजार. त्या दिवशी ती चक्क गुजरातीत बोलायची आणि गरम लोचो, तो सुरतचा वाफवलेला डाळीचा पदार्थ, मागायची, वर शेव आणि लोणी. लोचो द्यायचा नाही आणि शेठला रागही येऊ द्यायचा नाही, ही परीक्षा. हेतलनं एकदा खरंच लोचो आणून दिला. मावशीनं तो आवडीनं खाल्ला आणि मग लाल स्टिकर दिलं.

शुक्रवारी ती कुणीच नसायची. नुसती गप्प पडून राहायची. कुठे दुखतंय विचारलं तर मान नाही, हूं नाही. आम्हाला वाटायचं, शुक्रवार सगळ्यात सोपा. मग एकदा जागृतीबेननी सांगितलं की शुक्रवारी ती आपला नवरा होते. तो लूमवर होता. पडला तेव्हा चार जणांनी त्याला धरून उचललं, कुठेतरी नेलं, तिथून आणखी कुठे नेलं. तो सारखा हात वर करत होता, त्याला काहीतरी सांगायचं होतं. घाईत कुणी थांबलं नाही. काय सांगायचं होतं ते राहिलंच. त्यानंतरच्या शुक्रवारी मी मावशीच्या हाताकडे बघत बसले. बराच वेळ गेला आणि तिची दोन बोटं हलली. मी कान तोंडाजवळ नेला. "पंखा कमी कर," ती म्हणाली. मला हसू आवरेना आणि रडूही.

आता उचलण्याची गोष्ट. खाटेवरून ट्रॉलीवर पेशंट घ्यायचा तो सगळ्यांनी एकदम, एका हुकमावर. पुस्तकात लिहिलं होतं, तीन मोजा आणि उचला. हेतलनं मोजलं, "एक, बे, त्रण," आणि 'त्रण'वर खांदे उचलले. मी मनात म्हटलं, त्रण झालं की उचलायचं, म्हणून थांबले. मिनतीनं आपलं मनातल्या मनात ओडियात वेगळंच मोजलं आणि 'बे'लाच पाय उचलले. क्षणभर मावशीचे पाय ट्रॉलीवर, डोकं हेतलच्या हातात आणि मधला सगळा ऐवज कुठेच नाही अशी अवस्था झाली. ट्रॉलीला ब्रेक लावायचा राहिला होता, ती निघाली. मावशी अर्धी तिच्याबरोबर निघाली. जागृतीबेननी धावत येऊन ट्रॉली पकडली नसती तर ती व्हरांड्यात जाऊन ओपीडीतल्या आणखी दोन माणसांना उभं करून आली असती.

मावशी सावरून बसली. रागावेल असं वाटलं, पण तिनं आम्हाला रांगेत उभं केलं आणि विचारलं, साडीची घडी किती जणी घालतात? आम्हाला काय माहीत. दोघी, ती म्हणाली. समोरासमोर. आणि दोघींपैकी एकही साडीकडे बघत नाही. साडीकडे बघितलंस की घडी वाकडी झालीच. समोरचीच्या डोळ्यांकडे बघायचं. तिनं ओढलं की आपण सैल सोडायचं, आपण ओढलं की तिनं. मार्केटात गोंगाट एवढा की हुकूम देऊन उपयोग नाही.

"आनी मोजनं बंद," ती म्हणाली. "उचलानं कवय ते मी सांगसू. तुम्ही तिघी, चौथी मी. चार जणींनं काम शे, तिघी जणी काबर मोजतस?"

जागृतीबेननी शंका काढली, पेशंट बेशुद्ध असला तर? मावशी म्हणाली, तरी विचारायचं. मग थोडं थांबायचं. मग त्याच्या माणसांकडे बघायचं. मग उचलायचं. हे पुस्तकात कुठे बसतं ते जागृतीबेन शोधत राहिल्या, पण आमच्या गटात ते चालू झालं. मिनती ब्रेक लावायची, मी मावशीचे हात तिच्या छातीवर घ्यायचे, हेतल विचारायची, "मासी, उचकीए?" म्हणजे उचलू या का, आणि मग आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत बघत थांबायचो. मावशीही मुद्दाम थांबवायची. कधी जांभई द्यायची, कधी छताकडे बघायची. मग म्हणायची, "हा, उचला." आणि ती उचलली जायची, अगदी घडी घातल्यासारखी. आठ महिन्यांत त्या एका शब्दाशिवाय आमचे हात उठले नाहीत.

आणि मग खोक्यातून सवत आली.

सवत हा मावशीचा शब्द. एका दानशूर शेठनं कॉलेजला सरावाचा पुतळा भेट दिला होता. प्लास्टिकचा, बाईमाणसाच्या आकाराचा, गोरापान आणि टक्कल असलेला. त्याला सुई टोचता येत होती, सलाइन लावता येत होती, बटण दाबलं की छातीत धडधड ऐकू येत होती. मुलींनी त्याचं नाव डमीबेन ठेवलं. खाटा आठच, त्यामुळे डमीबेनला बेड नंबर सात दिला. मावशीला खुर्ची. दोन दिवसांनी प्रिन्सिपल मॅडमनी तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की या बॅचची परीक्षा झाली की आता तुम्ही आराम करा, आणि कार्ड तेवढं ऑफिसात जमा करा.

आराम! ज्या बाईची नोकरीच आराम करण्याची, तिला हे सांगणं. बाहेर येऊन तिनं हे आम्हाला हसत सांगितलं, पण डबा उघडला नाही. तिला काम गेल्याचं दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही, होतं. पण कार्डाचं जास्त होतं. गळ्यातल्या त्या कार्डाला ती सारखी बोट लावून बघत होती. मला तिथेच रडायला आलं आणि मी शौचालयात जाऊन रडून आले.

दुसऱ्या दिवशी मात्र ती खुर्ची ओढून डमीबेनजवळ बसली. चिमटा काढला. नाकात फुंकर मारली. "ना हूं ना चू," ती म्हणाली. "अशी पेशंट राहिनी तं नर्सा मुक्या व्हतीन." मग तिला काय वाटलं कोण जाणे, आपल्या पिशवीतून जुनी साडी काढून तिनं डमीबेनला नेसवली, टकलावरून पदर घेतला. "उघडी नको बसू," असंही बजावलं. आम्ही डमीवर सराव करायचो तेव्हा ती खुर्चीतून डमीच्या वतीनं कण्हायची. सोमवारी डमी पाणी नाकारायची. बुधवारी डमीला लोचो हवा असायचा. उचलायचा होकारही डमीच्या वतीनं मावशीच द्यायची.

परीक्षा सोमवारी होती. बाहेरून परीक्षक आल्या होत्या, निवृत्त मेट्रन, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि कुठल्याही वाक्यानंतर समोरच्याला घाम फुटेल इतका वेळ गप्प राहायची सवय. प्रिन्सिपल मॅडम त्यांच्या मागे, डमीची किंमत आणि गुण सांगत. मावशीला येऊ नका असं सांगितलं होतं.

आमच्या गटाच्या वाट्याला खाटेवरून ट्रॉलीवर घेणं आलं. पेशंट डमीबेन. साडी काढून तिला निळा गाऊन घातला होता. हेतलनं आपलं नाव सांगितलं, काय करणार ते सांगितलं. मिनतीनं ब्रेक लावला आणि तो लागलाय हे पायानं ढकलून बघितलं. मी डमीचे हात छातीवर घेतले. तिघी जागेवर, डोळ्यांत डोळे. हेतलनं विचारलं, "मासी, उचकीए?"

आणि आम्ही थांबलो.

खोटं कशाला सांगू, पहिले दोन क्षण आपण का थांबलोय हे कळलंच नाही. मग कळलं, पण हात उठेनात. मी हेतलकडे, हेतल मिनतीकडे, मिनती माझ्याकडे. पंख्याचा आवाज येत होता. डमीबेन छताकडे बघत होती, अगदी मावशी बघायची तशीच.

"केम ऊभां छो?" उभ्या का, असं परीक्षकबाईंनी विचारलं.

"मॅडम," हेतल म्हणाली, "पेशन्टे हा नथी पाडी."

पेशंटनं हो म्हटलेलं नाही! प्रिन्सिपल मॅडमच्या चेहऱ्याचा रंग त्यांच्या पांढऱ्या साडीत मिसळला. "ये तो डमी है," परीक्षकबाई सावकाश म्हणाल्या, जणू पेशंट आम्हीच. आणि दिवसाला चार शब्द बोलणारी मिनती त्या क्षणी धडाधड बोलली, "बेहोश है तो भी पूछने का. फिर थोडा रुकने का. फिर रिश्तेदार को देखने का. फिर उठाने का."

रिश्तेदार म्हटल्यावर हेतलनं इकडे तिकडे बघितलं. खाटेच्या सर्वांत जवळ परीक्षकबाईच होत्या. ती त्यांच्याकडे वळली आणि अत्यंत आदबीनं म्हणाली, "मॅडम, तमे पेशन्टना कोण थाव?"

तुम्ही पेशंटच्या कोण, हे परीक्षकांना! मला वाटलं, संपलं. आता तिघींनी घरी जाऊन स्टोनवर्कच्या साड्यांना टिकल्या लावायच्या. आणि इतक्यात कोपऱ्यातल्या हिरव्या पडद्यामागून, जिथे अंग पुसताना आडोसा करतो तिथून, आवाज आला, "हा, उचला आते! किती थांबशात?"

आठ महिन्यांची सवय. शब्द पडला आणि हात उठले. खांदे, कंबर, पाय, तिन्ही एकदम. डमीबेन ट्रॉलीवर अशी उतरली की तिच्या गाऊनची चुणीसुद्धा हलली नाही.

परीक्षकबाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्यांनी पडदा बाजूला केला. मावशी उभी होती, हातात कार्ड. ती ते जमा करायला आली होती, वर्गात व्यत्यय नको म्हणून आडोशाला थांबली होती. निदान तिनं तरी असंच सांगितलं. बाईंनी कार्ड हातात घेऊन वाचलं. "पेशंट?" त्या म्हणाल्या. "क्या बीमारी है आपको?"

"आज सोमवार शे," मावशी म्हणाली. "सासू."

त्या गप्प राहिल्या, त्यांच्या सवयीप्रमाणे. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं, चष्मा हलायला लागला, आणि ती ठेंगणी बाई ट्रॉलीचा कठडा धरून इतकी हसली की जागृतीबेनना पाणी आणावं लागलं. मावशीनं पाण्याकडे बघून सासूच्या आवाजात सांगितलं, "देखी लेजो, त्यामा काहीतरी टाकेल व्हई." मग तर पेलाच सांडला.

पुढच्या सगळ्या गटांची परीक्षा त्यांनी मावशीला बेड नंबर सातवर झोपवून घेतली. जाताना प्रिन्सिपल मॅडमना त्यांनी काय सांगितलं ते जागृतीबेननी ऐकलं. सुया डमीला टोचा, पण ही बाई सोडू नका, तुमच्या मुली हिच्यामुळे थांबतात. नर्सला थांबायला शिकवणं मला नोकरीभर जमलं नाही, असंही म्हणाल्या म्हणे. आठवड्याभरात मावशीला कार्ड परत मिळालं, नवं प्लास्टिक चढवून. हुद्दा तोच. ती ते नाचवत सगळ्या वर्गांतून फिरून आली.

आणि त्या दिवशीची स्टिकरं? हेतलला हिरवं. मिनतीला हिरवं. मला लाल.

"काबर व मावशी?" मी भर वर्गात, अहिराणीत, भांडायला उठले. "मी काय चुकनू?"

"आवाज उना तवय तू पडदाकडे देखं," ती म्हणाली. पडद्याच्या फटीतून तिनं बरोबर टिपलं होतं. "त्या दोन्हींनी पेशंटकडे देखं. पेशंट खाटवर व्हता का पडदामांगे?"

तेव्हा मी धुसफुसले. आता माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या नर्सना हेच सांगते, फक्त स्टिकर नसतं.

गेल्या हिवाळ्यात एका दाखल्यासाठी कॉलेजात गेले. रिक्षा खाली थांबवून ठेवली होती, पाच मिनिटांचं काम. पण प्रात्यक्षिकाच्या खोलीवरून जाताना पाय आपोआप वळले. बेड नंबर सातवर मावशी. केस पांढरे झालेले, खाटेला काठी टेकलेली. गुडघ्यांनी आता तिला खरंच दगा दिला होता, लिंबायतहून कॉलेजच्या मुली तिला रिक्षातून घेऊन यायच्या. खाटेशेजारच्या खुर्चीत डमीबेन बसली होती, छान साडी, डोक्यावर पदर, मांडीवर पर्स. आता तिला पेशंटच्या नातेवाइकाचं काम मिळालं होतं.

मी जवळ गेले. या वेळी चुकायचं नाही असं ठरवून नाव सांगितलं, कुठे नोकरी करते ते सांगितलं आणि विचारलं, "मावशी, तुन्हा पाय पडू का?"

तिनं छताकडे बघितलं. जांभई दिली. मी वाकायच्या तयारीत तशीच उभी. मग म्हणाली, "हा, पड." माझा हात धरून तिनं उशीखालून रीळ काढलं. एकच उरलं होतं, लाल. "हिरवं सरनं," ती म्हणाली आणि लालच माझ्या पंजावर चिकटवलं, वर अंगठ्यानं दाबलं. "हिरवंच समज." माझे डोळे भरून आले आणि तिला ते दिसलं, म्हणून तिनं लगेच खुर्चीकडे बोट केलं. "मन्ही सून देखी का? एक उलटा शब्द नही. अशी सून लिंबायतमा कोनले नही."

नव्या मुली आल्या होत्या, चौघी, खाटेच्या चार बाजूंना. एकीनं ट्रॉलीचा ब्रेक लावला, पायानं ढकलून बघितला. एकीनं मावशीचे हात तिच्या छातीवर घेतले. मी मागे सरकत दारापर्यंत आले. तिसरीनं विचारलं, "मासी, उचकीए?"

मावशीनं मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. "काय व सूनबाई? उचलू देऊ का यासले?"

चौघी हात तयार ठेवून डमीबेनकडे बघत थांबल्या. जागृतीबेन फळ्याजवळ खडू धरून थांबल्या. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि मीही दारात उभी राहून सूनबाई काय म्हणते याची वाट बघत होते.